मुक्या सोबत्याचें मरण आणि मुलांचीं कार्टूनें

मुलांच्या करमणुकीकडे गंभीर दृष्टीनें पाहण्याची आपल्या टीकाकारांस फारशी संवय नाहीं. नाटक, कादंबरी व काव्य यांची बारकाईनें छाननी करणारे विद्वान, आपल्याच घरांतील मूल रोज तासन्‌तास काय पाहत बसतें याची विचारपूस क्वचितच करतात. आणि केलीच तर डोळे बिघडतात, अभ्यास मागें पडतो, घास तोंडांतच राहतो, एवढ्या तक्रारींपुरतीच ती असते. ही उपेक्षा आम्हांस बरी वाटत नाहीं. ज्या वयांत मनावर पहिले संस्कार होतात त्या वयाचें वाङ्मय, मग तें छापलेलें असो कीं पडद्यावर हलणारें असो, प्रौढांच्या वाङ्मयाइतक्याच कसोशीनें तपासलें पाहिजे. या लेखापुरता आम्ही त्यांतील एकच विषय निवडला आहे. घरांत पाळलेला, घरचाच झालेला प्राणी मरतो, त्या प्रसंगाचें चित्रण मुलांचीं कार्टूनें कसें करतात?

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कुत्रा, मांजर, पिंजऱ्यांतील पोपट, कांचेच्या भांड्यांतील मासा, यांचें मरण म्हणजे मोठ्या माणसांच्या लेखीं एका दिवसाची हळहळ. परंतु मुलाची मृत्यूशीं पहिली ओळख बहुधा याच दारानें होते. आजोबा किंवा आजी जातात तेव्हां घरांत माणसांची गर्दी उसळते, विधींची घाई असते आणि मुलाला शेजारच्या घरीं नेऊन बसवितात. कुत्रा मरतो तेव्हां मात्र मूल त्याच्या अगदीं जवळ असतें. तें त्याचें थंड पडलेलें अंग हातानें चांचपतें, कान ओढून पाहतें आणि विचारतें, "हा आतां उठणार केव्हां?" या एका प्रश्नाचें उत्तर त्याला कसें मिळतें, यावर पुढें तें घरच्या माणसांच्या शब्दावर किती विश्वास ठेवील हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. म्हणून विषय लहान नाहीं.

अशा वेळीं घरोघरीं कांहीं ठराविक उत्तरें दिलीं जातात. 'त्याला गांवीं पाठविलें', 'तो डॉक्टरांकडे राहिला आहे', 'रडूं नकोस, आपण दुसरा आणूं'. मासा मेला असेल तर रातोरात हुबेहूब तसाच दुसरा मासा भांड्यांत सोडून, कांहीं घडलेंच नाहीं असें भासविणारे आईबापहि आहेत. या उत्तरांच्या मुळाशीं वात्सल्यच असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांतील कांहीं उत्तरें मुलाला खिडकींत वाट पाहत बसवितात. आणि बाकीचीं त्याला असें शिकवितात कीं, गेलेला जीव व त्याच्या जागीं आणलेला जीव यांत भेदच नाहीं. कार्टूनेंहि याच दोन सोप्या वाटांनीं जातात काय, आणि एखाद्या कर्त्यानें तिसरी, कठिण वाट धरली आहे काय, हें पाहणें हा आमचा हेतु आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुलांच्या चित्रपटांत मरण नसतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिति उलट आहे. कॅनडांतील व इंग्लंडांतील कांहीं संशोधकांनीं १९३७ च्या 'स्नो व्हाइट'पासून २०१३ च्या 'फ्रोझन'पर्यंतचे मुलांचे ४५ लोकप्रिय कार्टूनपट प्रौढांच्या ९० नाट्यपूर्ण चित्रपटांशीं ताडून पाहिले, आणि आपला निष्कर्ष २०१४ च्या डिसेंबरांत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें छापला. मुलांच्या चित्रपटांतील प्रमुख पात्रांस मरणाचा धोका प्रौढांच्या चित्रपटांतील पात्रांहून सुमारें अडीचपट असल्याचें त्यांस आढळून आलें. म्हणजे मरण तेथें मुबलक आहे. परंतु कथेंतील आई बहुधा मरते ती बाळ-नायकाला घराबाहेर काढण्यासाठीं, आणि दुष्ट मरतो तो कथा संपविण्यासाठीं. मरण झालें कीं गोष्ट पुढें धांवूं लागते. मागें उरलेल्याचें काय झालें, तो रात्रीं कसा झोंपला, सकाळीं त्यानें रिकाम्या जागेकडे कसें पाहिलें, हें विचारावयास कोणी थांबत नाहीं. पाळीव प्राण्याच्या मरणाची गोष्ट या घाईला पुरून उरते, कारण तींत मागें उरणारें मूल हाच खरा नायक असतो.

आतां कसोटीकडे वळूं. महाविद्यालयांत रसचर्चा शिकवितांना विद्यार्थ्यांकडून एक शंका हटकून येते. करुण व विप्रलंभ शृंगार या दोहोंतहि अश्रु आहेत, निःश्वास आहेत, चिंता आहे. मग दोहोंत भेद कोणता? भरताचार्यांनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत याचें फार नेमकें उत्तर दिलें आहे. करुण हा निरपेक्ष आहे व विप्रलंभ हा सापेक्ष आहे. एकांत पुनर्भेटीची आशाच उरलेली नसते. दुसऱ्यांत ती कोठें तरी तेवत राहिलेली असते. अश्रूंचें प्रमाण सारखें असलें तरी या एका गोष्टीनें रस पालटतो.

दोन हजार वर्षांच्या आसपासचें हें विवेचन आणि अलीकडील बालमानसशास्त्र यांचा येथें विलक्षण मेळ बसतो. हंगेरींत मारिया नागी या विदुषीनें तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांचे मरणाविषयींचे विचार गोळा करून १९४८ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत पांच वर्षांखालील मुलें मरणाला एक प्रकारचा प्रवास किंवा झोंप समजतात, असें तिनें दाखविलें. पुढें १९८४ सालीं मार्क स्पीस व सँडर ब्रेंट यांनीं तोंवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन मरणाच्या कल्पनेचे तीन घटक वेगळे केले. गेलेला परत येत नाहीं. त्याच्या देहाचे सर्व व्यापार थांबतात. आणि यांतून कोणताहि जीव सुटत नाहीं. बहुतेक मुलांना हे घटक पांचव्या व सातव्या वर्षांच्या दरम्यान उमगतात, असें त्यांचें म्हणणें. यांतील पहिला घटक म्हणजे भरताचा निरपेक्षभावच होय. मूल विप्रलंभाची सीमा ओलांडून करुणांत पाऊल टाकतें तो हा काळ, आणि कार्टूनें पाहण्याचा ऐन काळहि हाच. म्हणून प्रत्येक कार्टूनाला आम्ही एकच प्रश्न विचारणार आहों: गोष्ट संपल्यावर मूल वाट पाहत राहतें कीं नाहीं?

हास्यरसापासून आरंभ करूं. टॉम हा बोका घरचाच पाळलेला प्राणी. आणि १९४९ च्या 'हेवनली पस' या लघुपटांत तो चक्क मरतो. जिन्यावरून घरंगळत आलेल्या पियानोखालीं चिरडला जाऊन तो स्वर्गाच्या आगगाडीच्या फलाटावर येऊन उभा राहतो. जेरी उंदराकडून क्षमापत्रावर सही आणल्याखेरीज त्याला आंत घेत नाहींत. सही वेळेवर पोंचत नाहीं, तो खालीं नरकांत पडतो आणि शेवटीं चुलाण्यापुढें जागा होतो. सारें स्वप्न होतें. यांत खोटें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. टॉमचें चपटें होणें व पुनः फुगणें हा खेळाचा नियम आहे, आणि सोंगटी मेली म्हणून कोणी सुतक धरीत नाहीं, हें चार वर्षांचें मूलहि जाणतें. परंतु याच लघुपटांत, स्वर्गाच्या दाराशीं लागलेल्या मांजरांच्या रांगेंत, एक ओलें पोतें सरकत येतें आणि त्यांतून तीन इवलीं पिल्लें बाहेर पडतात. कोणीं तरी तीं पाण्यांत बुडवून मारलेलीं आहेत. द्वारपालहि क्षणभर खिन्न होतो. सात-आठ मिनिटांच्या धांगडधिंग्यांत खरें मरण तेवढें तेंच. खेळाचा नियम तेथें एकाएकीं लागू पडत नाहींसा होतो, आणि हंसणारा प्रेक्षक थबकतो. विनोदकारांनीं तें जाणूनबुजून ठेवलें असो वा सहज सुचलें असो, हास्याच्या कडेला सत्य किती जवळ उभें असतें याचा तो पुरावा आहे.

पुनरुज्जीवनाच्या वाटेनें जाणाऱ्या कथांत टिम बर्टन यांचा 'फ्रॅंकनवीनी' हा सर्वांत विचारणीय होय. १९८४ सालीं त्यांनीं ही कथा जिवंत नटांकरवीं लघुपटरूपानें केली, आणि २०१२ सालीं बाहुल्या एकेक चित्रागणिक हालवून तिचाच पूर्ण लांबीचा कृष्णधवल चित्रपट केला. व्हिक्टर नांवाचा एकलकोंडा मुलगा. स्पार्की हा कुत्रा त्याचा एकुलता एक सखा. वडिलांच्या आग्रहाखातर व्हिक्टर बेसबॉल खेळावयास जातो, चेंडू जोरानें टोलवितो. चेंडूमागें धांवलेला स्पार्की मोटारीखालीं सांपडतो. आरंभींचा हा भाग आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपल्याच हातून टोलविलेल्या चेंडूमागें तो गेला, ही बोंच कोणी बोलून दाखवीत नाहीं, पण ती चित्रांत आहे. 'तो तुझ्या हृदयांत सदैव राहील' असें आई समजावते, आणि मुलाला तो हृदयांत नको आहे, समोर हवा आहे. शोकाचें याहून खरें वर्णन मुलांच्या चित्रपटांत आम्हीं पाहिलेलें नाहीं.

पुढें विजेच्या साह्यानें व्हिक्टर स्पार्कीला उठवितो. इतर मुलें त्याचें अनुकरण करून आपापले मेलेले प्राणी उठवितात, आणि त्यांचे राक्षस होतात. शेवटीं जळत्या पवनचक्कींतून व्हिक्टरला वांचवितांना स्पार्की दुसऱ्यांदां मरतो. आतां व्हिक्टर त्याला जाऊं देण्यास तयार झाला आहे. परत येण्याची गरज नाहीं, असें तो स्वतःच्या तोंडानें म्हणतो. चित्रपट येथें संपता तर तो या विषयावरील श्रेष्ठ कृति ठरता. पण गांवकरी आपापल्या मोटारींच्या बॅटऱ्या जोडून स्पार्कीला पुनः जिवंत करतात, आणि दीड तासाच्या श्रमानें मुलाच्या मनानें मिळविलेलें शहाणपण दोन मिनिटांत काढून घेतलें जातें. आईचें वाक्य खोटें ठरतें, व्हिक्टरचा निरोप खोटा ठरतो. करुणाच्या उंबरठ्यापर्यंत आणून मुलाला पुनः विप्रलंभांत ढकलण्याचा हा प्रकार आहे.

येथें कोणी म्हणेल, सावित्रीनें सत्यवानाला परत आणलें तें आम्हीं मुलांना सांगतों ना? मग बर्टन यांनींच काय पाप केलें? आक्षेप रास्त आहे व त्याला उत्तर दिलें पाहिजे. सावित्रीच्या कथेंत यमाचा नियम आरंभापासून अखेरपर्यंत अढळ आहे. नारद वर्षभर आधीं तिथि सांगून ठेवतात. सावित्री यमामागून पायीं जाते, वाद करते आणि यम तिला एक अपवाद म्हणून वर देतो. अपवादाला अपवाद म्हणण्याइतकी ती कथा प्रामाणिक आहे, म्हणूनच वटपौर्णिमेचें व्रत करणारी कोणतीहि स्त्री नवरा मेल्यावर तो उठेल अशी वाट पाहत बसली नाहीं. 'फ्रॅंकनवीनी'च्या शेवटांत नियमच शिल्लक राहत नाहीं. बॅटऱ्या पुरेशा असल्या म्हणजे झालें, असें ठरतें. आणि ज्या मुलाचा स्पार्की खरोखर मेला आहे त्यानें, आपल्या गल्लींतील लोकांनीं मोटारी कां आणल्या नाहींत, असें विचारलें तर त्याला काय सांगावें?

दुसरी सोपी वाट भरपाईची. तिचें वर्म अमेरिकेंतील 'द सिम्पसन्स' या मालिकेनें २००४ च्या एका भागांत अचूक पकडलें. ही मालिका निव्वळ मुलांसाठीं नाहीं, पण मुलें ती पाहतात. घरची मांजर मोटारीखालीं सांपडून मरते. लिसा दुसरी आणते, तीहि मरते. तिसरी आणते, तिचीहि तीच गत. शेवटीं पहिलीसारखीच दिसणारी एक मांजर मिळते आणि टिकते. तेव्हां, जेवणाच्या ताटलीवर नवें नांव घालण्याचा खर्च कशाला, म्हणून तिला जुनेंच नांव देऊन टाकतात. उपरोध तिखट आहे. 'आपण दुसरा आणूं' म्हणणाऱ्या प्रत्येक घराला तो लागू पडतो. नांव तेंच, ताटली तीच. मग मेलें कोण? असा प्रश्न तो मुलांपेक्षां आईबापांना विचारतो.

याच वाटेवरून, पण सावधपणें, चाललेली एक कृति म्हणजे 'आर्थर' या मालिकेंतील १९९८ चा एक भाग. आर्थरची धाकटी बहीण डी. डब्ल्यू. हिचा स्पॅंकी नांवाचा पक्षी मरतो. ती खिन्न असतांना एक बेडूक तिच्यामागें लागतो. ती त्याला झिडकारते, दूर लोटते, आणि अखेर बऱ्याच दिरंगाईनें त्याला जवळ करते. कर्त्यांनीं येथें दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या आहेत. एक म्हणजे नवा जीव जुन्यासारखा दिसत नाहीं. पक्ष्याच्या जागीं पक्षी आणला असता तर भरपाई झाली असती, बेडूक आल्यामुळें ती होऊं शकत नाहीं. दुसरी म्हणजे मुलीचा राग त्यांनीं लपविलेला नाहीं. नव्यावर प्रेम करणें म्हणजे जुन्याशीं फितुरी, असें मुलाला वाटतें. तें वाटणें संपेपर्यंत कथा धीर धरते. स्पॅंकी परत येणार नाहीं हें पक्कें झाल्यावरच बेडकाला जागा मिळते. कसोटीला ही कृति उतरते.

आतां पूर्वेकडे जाऊं. १९७५ सालीं जपानांत दूरचित्रवाणीवर दाखविलेली 'फ्लँडर्सचा कुत्रा' ही ५२ भागांची मालिका वीडा या इंग्रज लेखिकेच्या १८७२ च्या कथेवर रचलेली आहे. बेल्जममधील अँटवर्पजवळचा नेलो हा दूध पोंचविणारा गरीब मुलगा आणि त्यानें व त्याच्या आजोबांनीं वांचविलेला पत्राश हा कुत्रा. आजोबा जातात, घर जातें, आगीचा आळ येतो, आणि नाताळच्या आदल्या रात्रीं दोघेहि अँटवर्पच्या देवळांत रूबेन्सच्या चित्रांपुढें थंडीनें गारठून मरतात. मुलांच्या मालिकेचा असा शेवट करण्याला धैर्य लागतें. याच कथेवरील १९५९ च्या अमेरिकन चित्रपटानें मुलाला जिवंत ठेवून तें टाळलें. जपानी प्रेक्षकांना मात्र ती कथा इतकी आपली वाटली कीं, तिच्या ओढीनें तेथील प्रवासी अँटवर्पला जाऊं लागले. २०१६ सालीं त्याच देवळासमोर फरसबंदीचीच दुलई पांघरून झोंपलेल्या मुलाचें व कुत्र्याचें शिल्प बसविण्यांत आलें.

इतकें असूनहि या शेवटाविषयीं आम्हांस एक शंका आहे. मुलगा व कुत्रा बरोबरच जातात, देवदूत त्यांना बरोबरच नेतात; त्यामुळें कुत्र्यासाठीं रडणारा मुलगा उरत नाहीं व मुलासाठीं झुरणारा कुत्राहि उरत नाहीं. वियोगाचा प्रश्नच मिटतो. प्रेक्षक धाय मोकलून रडतो खरा. पण त्या रडण्यांत एक गोडवा आहे, आणि तो गोडवा खऱ्या शोकांत नसतो. ज्या मुलाचा कुत्रा गेला आहे त्याला उद्यां सकाळीं उठून शाळेंत जावयाचें असतें. नेलोला शाळेंत जावें लागत नाहीं.

मागें उरलेल्याचें दुःख पाहावयाचें तर आपल्याकडील मुलांच्या परिचयाच्या 'पोकेमॉन'मधील एक भाग पाहावा. तो जपानांत २०१७ सालीं प्रथम दाखविला गेला. स्टाउटलँड हा म्हातारा कुत्र्यासारखा प्राणी आणि लिटन हें त्यानें आश्रय दिलेलें मांजराचें पिलूं. लिटन बाजारांतून खाणें पळवून आणून म्हाताऱ्याला भरवितें. म्हातारा आजारी पडतो. त्याच्या मरणाचा उच्चार कोठेंहि होत नाहीं. झाडाचीं पानें गळतात, आणि नेहमींची बसण्याची जागा रिकामी दिसते. लिटन खातपीत नाहीं, हालत नाहीं. अ‍ॅश त्याला उपदेश करीत नाहीं, जवळ राहतो. संस्कृत आलंकारिकांनीं ज्याला व्यंजना म्हटलें तिचा हा सुंदर नमुना आहे, आणि वाच्यार्थाहून व्यंग्यार्थ थोर, हें आम्हींच जन्मभर वर्गांत सांगत आलों आहों. तरीहि येथें आम्हांस थोडें अडखळावेंसें वाटतें. दहा वर्षांच्या मुलाला गळणारें पान पुरतें, चार वर्षांचें मूल विचारतें, "तो कोठें गेला?" त्याच्यासाठीं पान हें पानच असतें. ध्वनि ऐकूं येण्यास आधीं वाच्यार्थ ठाऊक असावा लागतो. म्हणून या वयाच्या मुलासाठीं 'मेला' हा शब्द कोणीं तरी एकदां स्पष्ट उच्चारला पाहिजे.

तो शब्द स्पष्ट उच्चारण्याचें श्रेय फ्रेड रॉजर्स यांना द्यावें लागतें. त्यांचा कार्यक्रम कार्टून नव्हता. ते स्वतःच मुलांशीं बोलत. १९७० च्या एका भागांत त्यांच्या कांचेच्या टाकींतील एक मासा मेलेला आढळतो. ते त्याला मिठाच्या पाण्यांत ठेवून पाहतात, तो जगत नाहीं, तेव्हां कागदांत गुंडाळून अंगणांत पुरतात, आणि लहानपणीं आपली मिट्झी नांवाची कुत्री मेली तेव्हां आपणांस कसें वाटलें होतें तें सांगतात. कोठेंहि घाई नाहीं, संगीताचा कढ नाहीं. त्यांच्याच परंपरेंतून २०१२ सालीं निघालेल्या 'डॅनियल टायगर्स नेबरहूड' या कार्टूनांतहि वाघाच्या बाळाचा निळा मासा मरतो. घरचीं माणसें तें त्याला सरळ सांगतात, आणि मनांत येईल तें विचार, असें गाण्यांतून सुचवितात. हें कार्टून मित्राप्रमाणें हितोपदेश करणारें आहे. मम्मटाच्या भाषेंत सुहृत्संमित. तें खरें बोलतें, उपयोगी पडतें, पण कला म्हणून त्याचें बळ बेताचेंच आहे. तें पाहून मूल शहाणें होईल. त्या माशाची आठवण त्याला राहील कीं नाहीं, याची शंकाच आहे.

सत्य व कला यांचा संगम आम्हांस आढळला तो ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें तयार होणाऱ्या 'ब्लूई' या मालिकेंत. तिच्या २०१८ मधील पहिल्याच मालेंत 'कॉपीकॅट' नांवाचा सात मिनिटांचा एक भाग आहे. ब्लूई ही सहा वर्षांची कुत्र्याची पोर. बापाबरोबर फिरावयास गेली असतां तिला एक जखमी पाखरूं सांपडतें. तीं दोघें तें जनावरांच्या डॉक्टरकडे नेतात, वाट पाहतात, आणि पाखरूं दगावल्याचें कळतें. पाखरूं पाळलेलें नव्हतें. पण हातांत घेतलेला जीव तेवढ्या वेळांत आपला होतो, हें कोणत्याहि मुलाला विचारावें. घरीं आल्यावर ब्लूई काय करते? ती सगळा प्रसंग खेळून पाहते. धाकट्या बहिणीला पाखरूं करते, आपण स्वतः बाप होते, आणि आईला आपली जागा देते. खेळांत तरी पाखरूं बरें व्हावें, असें कोणाहि मोठ्या माणसाला वाटेल. ब्लूई शेवट बदलत नाहीं. खेळांतलें पाखरूंहि मरतें.

हा भाग पाहतांना आमच्यासमोर तमसेचा कांठ उभा राहिला. निषादाच्या बाणानें क्रौंच नर पडला. मागें उरलेल्या मादीचा आक्रोश वाल्मीकींनीं ऐकला, आणि त्यांच्या शोकाला श्लोकाचें रूप आलें, असें रामायण सांगतें. आनंदवर्धनांनीं या प्रसंगाला काव्याच्या आत्म्याचा दाखला मानलें तें उगीच नव्हे. तेथेंहि पक्षी परत उठत नाहीं. दुसरा पक्षी आणून जोडी पुरी केली जात नाहीं. आणि कवीचें लक्ष मेलेल्यापेक्षां मागें उरलेलीकडे आहे. महर्षि कोठें आणि दूरचित्रवाणीवरील कुत्र्याचें पिलूं कोठें, असें म्हणून कोणी हंसेल तर हंसो. मोठ्या दुःखाला आकार देण्याची गरज आदिकवीला भासली तशीच ती सहा वर्षांच्या मुलालाहि भासते. त्याच्याजवळ अनुष्टुभ् नसतो, म्हणून तें खेळतें. जें घडलें तें जसेंच्या तसें पुनः उभें करणें, आणि या वेळीं त्यांत आपण शहाण्या माणसाची भूमिका घेणें, हीच मुलाची काव्यरचना. आईबापांनीं हा खेळ 'अभद्र' म्हणून बंद करूं नये, एवढें जरी या सात मिनिटांनीं शिकविलें तरी पुष्कळ झालें.

शेवटीं एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आपल्या घरांत मुलाला 'तो देवाघरीं गेला' असें सांगण्याची रीत आहे. निरपेक्षतेची कसोटी लावली तर हेंहि खोटेंच ठरतें काय? आमच्या मतें ठरत नाहीं. स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून रथांत बसण्यास युधिष्ठिरानें नकार दिला, ही महाप्रस्थानिक पर्वांतील कथा ज्या समाजानें जपली, त्याला मुक्या जिवाला देवाघर नाकारतां यावयाचें नाहीं. ज्या घराची श्रद्धा आहे त्यानें ती मुलाला अवश्य सांगावी. ज्याची नाहीं त्यानें तसें सांगावें. 'देवाघरीं गेला' आणि 'गांवीं पाठविला' या दोन वाक्यांत श्रद्धा-अश्रद्धेहून निराळा असा एक भेद आहे. गांवाहून एस. टी. परत येते. पहिल्या वाक्याला 'आणि तो आतां परत येणार नाहीं' हें शेपूट जोडतां येतें; दुसऱ्याला जोडूं गेल्यास तें वाक्यच कोसळतें. श्रद्धेनें सांत्वन करावें. वाट पाहावयास लावूं नये.

मराठी मुलांचें मन यासाठीं फार कोंवळें आहे, असा बहाणा कोणीं करूं नये. रेव्हरंड टिळकांची 'केवढें हें क्रौर्य!' ही कविता आपल्याकडील कित्येक पिढ्यांनीं शाळेंत तोंडपाठ केली आहे. तींतील घायाळ पक्षिणी पिलांपाशीं कशीबशी पोंचते आणि प्राण सोडते. कवि तिला उठवीत नाहीं, पिलांना दुसरी आई आणून देत नाहीं. ती म्हणतांना मुलें रडलीं, आणि रडून झाल्यावर गलोल खालीं ठेवणारींहि त्यांत असतील. मराठींत मुलांसाठीं कार्टूनें लिहूं पाहणाऱ्या तरुणांनीं परदेशी नमुने जरूर पाहावे. परंतु धीर हवा असेल तर तो घरच्याच क्रमिक पुस्तकांत सांपडेल. आणि आईबापांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, असा भाग लागला व मूल मुकाट झालें तर झटकन दुसरी वाहिनी लावूं नये. त्याच्या शेजारीं बसावें. तें कांहीं विचारील. जें ठाऊक असेल तें खरें सांगावें.